वॉरंटीतला सेकंडहँड ताप
सलग तिसरा शनिवार सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. टोकन ४७, एसी बंद, समोर तोच काउंटरवाला.

तर झालं असं, की माझ्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड वर्षभरातच गेला. वॉरंटीत होता, बदलून मिळाला. घरी आणून जोडला तर रॅमचे दोन स्लॉट मेलेले! परत गेलो. दुसरा मिळाला, त्याचा लॅन पोर्ट बंद. यावेळी नीट निरखून पाहिलं. स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे, सॉकेटच्या कडेला वाळलेली थर्मल पेस्ट. म्हणजे कुणाचा तरी बिघडलेला बोर्ड 'दुरुस्त' करून माझ्या गळ्यात मारलेला.

"सर, रिफर्बिश्डच येतात. टर्म्समध्ये लिहिलंय." लिहिलंय खरं. त्या पोराचा तरी काय दोष म्हणा.

माझं भांडण रिफर्बिश्डशी नाहीच. नीट दुरुस्त केलेला बोर्ड मी आनंदाने वापरेन, तेवढाच कचरा कमी. भांडण आहे ते न तपासता माल देण्याशी. आपण कोडची एक ओळ बदलली तरी रिग्रेशन टेस्ट लावतो. इथे सगळे स्लॉट आणि पोर्ट तपासायला अर्धा तासही लागत नाही. तो अर्धा तास कंपनी वाचवते आणि फुकटचा टेस्टर म्हणून आपल्याला राबवते! वर वॉरंटीचं घड्याळ मूळ खरेदीपासूनच चालू. माझे हे तीन आठवडे कुणाच्या खात्यात?

हे दुखणं जुनंच आहे. २००३ ते २००५ मध्ये डेलने विकलेल्या कितीतरी ऑप्टिप्लेक्समधले कपॅसिटर फुगून फुटायचे. अमेरिकेतल्या एका खटल्याची कागदपत्रं २०१० मध्ये उघड झाली, तेव्हा कळलं की खराब बोर्डाच्या जागी पुन्हा तसलेच खराब बोर्ड बसवले जात होते.

तुमच्यावर ही वेळ आली तर बोर्ड ताब्यात घेण्याआधी, काउंटरवरच, सॉकेटच्या पिनांचा फोटो काढा. एक पिन वाकलेली निघाली की 'फिजिकल डॅमेज', वॉरंटी रद्द, मग बसा बोंबलत. जॉबशीटवर नवा सिरियल नंबर लिहून घ्या. तरी दाद देत नसतील तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग सदोष वस्तूऐवजी नवी, निर्दोष वस्तू द्यायला लावू शकतो. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला फीसुद्धा नाही.

मी काउंटरवर हा कायदा काढला, तेव्हा कुठे आतून मॅनेजरसाहेब उगवले. पुढचा बोर्ड माझ्यासमोर जोडून, सगळे पोर्ट चालवून दाखवणार म्हणाले. लेखी मागितलं, तर चहा मागवला.

चहा बरा होता. लेखी घेऊनच उठलो. पुढचा शनिवारही गेलाच.