1662चे सोवळे

इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळींत एक तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: 1662चे प्रार्थनापुस्तक हाच खरा वारसा, पुढचे सगळे पाणी घातलेले दूध. बोलणारे मनापासून बोलतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

मुळात हा वारसा अखंड आहे का? आर्चबिशप टॉमस क्रॅन्मरने लॅटिन बाजूला सारून 1549 मध्ये पहिले इंग्रजी प्रार्थनापुस्तक आणले आणि 1552 मध्ये स्वतःच ते मोडून नव्याने घडवले. प्रभुभोजनात भाकर देताना 1549चा धर्मगुरू म्हणे, प्रभूचे शरीर तुला राखो. 1552चा म्हणे, ख्रिस्ताची आठवण ठेवून हे खा. पहिल्यात भाकरीत प्रभू पाहणाऱ्याला आधार होता, दुसऱ्यात भर स्मरणावर. 1559 मध्ये, एलिझाबेथ राणीच्या काळात, दोन्ही वाक्ये एकापुढे एक जोडली गेली आणि 1662ने तो जोड तसाच ठेवला. ज्या पुस्तकाला सोवळ्यात ठेवायचे, त्याच्या ऐन गाभ्यात तडजोडीचा टाका आहे! शिवाय प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा विधी आणि समुद्रावरच्या प्रार्थना ही 1662चीच भर. गरज पडली, पुस्तक वाढले.

यावर कुणी म्हणेल, पण त्या भाषेचा नाद? तो मान्य. लहानपणी पाठ झालेले शब्द मरणशय्येवरही साथ देतात. नव्या मजकुराला ते लगेच जमत नाही. पण लोकांना कळणाऱ्या भाषेत उपासना व्हावी, हा तर क्रॅन्मरचाच आग्रह. त्याच्या शब्दांना न कळण्याची मुभा देणे म्हणजे शब्द राखून हेतू सोडणे.

बदलाच्या कैवाऱ्यांनीही मात्र 1549 आठवावे. डेव्हन-कॉर्नवॉलचे लोक नव्या पुस्तकाविरुद्ध उठले. आमच्यातल्या काहींना इंग्रजी येतच नाही, अशीही कॉर्नवॉलवाल्यांची तक्रार होती. सरकारने उत्तर सैन्याने दिले. लोकभाषेचे पुस्तक त्या लोकांना परभाषेचे ठरले. पुढे 1662चे पुस्तक सक्तीचे करणाऱ्या एकरूपतेच्या कायद्यामुळेही शेकडो धर्मगुरूंना आपापल्या जागा सोडाव्या लागल्या. सक्ती जुन्याची असो वा नव्याची, प्रार्थनेला ती मानवत नाही.

म्हणून माझा पक्ष असा: उपासना बदलावी, पण बाकांवर बसलेल्यांच्या तोंडी रुळेल अशा बेताने, आणि जुने ज्यांच्या ओठांवर आहे, त्यांच्याकडून ते हिरावू नये. 1927 आणि 1928 मध्ये सुधारित पुस्तक संसदेच्या कॉमन्स सभागृहात दोनदा पडले. सन 2000 मध्ये ‘कॉमन वर्शिप’ हे नवे उपासनापुस्तक आले ते 1662ला हटवून नव्हे, त्याच्या शेजारी. आज कितीतरी गावांत रविवारी आठची उपासना जुन्या शब्दांत होते, दहाची नव्या. आठचे म्हातारे बाहेर पडताना कधी दारातच थांबतात, दहाला येणाऱ्या नातवंडांसाठी.