कुंपणावरचे अन्न

माळरानावर वाढलेल्या ज्या वाचकांनी लहानपणी फड्या निवडुंगाची लालबुंद बोंडे खाल्ली असतील, त्यांना रंगलेली जीभ आठवेल आणि बोटांत रुतलेली बारीक कुसळेही आठवतील. त्या कुसळांच्या धास्तीने आपण ही वनस्पती कुंपणावरच ठेवली. तिच्या मूळ भूमीत, मेक्सिकोत, मात्र कोवळ्या फडांची भाजी नित्याच्या जेवणात असते. ईशान्य ब्राझीलच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात हेच पीक गुरांचा मोठा आधार आहे.

याचे रहस्य तिच्या श्वासोच्छ्वासात आहे. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडतात आणि उन्हात पाणी गमावतात. निवडुंगाची रंध्रे रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू तो आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा वापरतो. म्हणूनच पहाटे तोडलेला फड आंबट लागतो, दुपारनंतर तोडलेला सौम्य.

भाजीसाठी तळहाताएवढा कोवळा फड निवडावा. चिमट्याने धरून काटे व कुसळे सुरीने काळजीपूर्वक खरवडावीत, फड धुऊन चिरावा आणि उकळून पाणी टाकून द्यावे. भेंडीसारखा बुळबुळीतपणा त्यामुळे कमी होतो. पुढे कांदा-मिरचीवर परतावा. यातून तंतुमय पदार्थ व कॅल्शियम मिळते. मात्र ऑक्झलेटमुळे त्यातील बरेचसे कॅल्शियम शरीराला लागू पडत नाही. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ही भाजी वैद्यकीय सल्ल्याशिवाय खाऊ नये. जेवणानंतरची रक्तशर्करा ती काहीशी कमी करू शकते. तेव्हा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावे. बोंडांत ‘क’ जीवनसत्त्व असते. ती खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नये, तो फळाचा रंग असतो. मात्र कठीण बियांसह फार बोंडे खाल्ल्यास मलावरोध होतो; मुलांना मोजकीच द्यावीत.

एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे ‘निवडुंग’ हे नाव चिकाच्या काटेरी झाडांनाही दिले जाते. ज्या झाडाला कापताच पांढरा दुधासारखा चीक येतो, ते खाऊ नये. तो चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. फड्या निवडुंगातून पांढरा चीक निघत नाही, पारदर्शक बुळबुळीत रस येतो. ओळख पक्की नसेल तर भाजीचा मोह टाळावा.

चाऱ्याचा हिशेबही समजून घ्यावा. फडात सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी असते, त्यामुळे टंचाईत जनावरांची तहानही काही अंशी भागते. परंतु प्रथिने कमी असल्याने आणि नुसता फड घातल्यास हगवण लागत असल्याने, तो बारीक करून कडबा व थोडी पेंड यांसह, हळूहळू सवय लावत द्यावा. काटेरी जातीचे काटे आधी जाळावे लागतात. म्हणून लागवडीसाठी बिनकाट्याची जात बरी. उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने चाऱ्यासाठी अशा निवडुंगाचा प्रसार केला आहे.

लागवड अवघड नाही. पक्व फड तोडून एक-दोन आठवडे सावलीत ठेवावा. कापलेली बाजू सुकली, की पाण्याचा निचरा होणाऱ्या हलक्या, मुरमाड जमिनीत त्याचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग पुरावा. पाणी साचले तर तो कुजतो. नियमित तोडणीजोगे झाड होण्यास मात्र दोन-तीन वर्षे लागतात.

नेमकी येथेच आपली चूक होते. विहीर आटल्यावर आणि दावणीला कडबा उरला नसताना निवडुंगाची आठवण काढून उपयोग नाही. ज्या वर्षी पाऊस बरा झाला, चारा मुबलक आहे आणि त्याची गरज भासत नाही, त्याच वर्षी बांधावर चार फड लावावेत. दुष्काळासाठीची तरतूद सुकाळातच करायची असते.