गाडीच्या पोटातल्या नळ्या

गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. कुकरची रिंग सैल झाली तर एखादा दिवस ढकलू, पण दुसऱ्या दिवशी नवी आणतोच. मग दारात उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखालून ज्या नळ्या जातात, त्या किती जुन्या आहेत याची चौकशी आपल्यापैकी किती जणी करतात? खरं सांगते, मीही कधी केली नव्हती. "ते पुरुषांचं खातं" म्हणून सोडून दिलं होतं.

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण जुन्या ओम्नीतून शाळेची मुलं ने-आण करते. आमचं गाव समुद्रकाठचं. खारा वारा खिडकीचे गज खातो, तिथे गाडीची काय कथा! पावसाळा संपला आणि तिच्या गाडीचा ब्रेक खोल जायला लागला. ती ब्रेक ऑईल भरायची, दोन दिवसांत पातळी पुन्हा खाली. आता, ब्रेक ऑईल काही पेट्रोलसारखं जळून संपत नाही. भराभर कमी होतंय याचा अर्थ ते कुठूनतरी गळतंय. गाडी वर उचलल्यावर दिसलं, मागच्या चाकाकडे जाणारा लोखंडी पाईप गंजून ओला झालेला. बाकीच्या पाईपांवरही पापुद्रे सुटलेले.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, एवढाच तुकडा कापतो, मधे रबरी नळी घालून दोन क्लिपा आवळतो. वर्षभर बघायला नको." स्वस्तात काम, शिवाय दुसऱ्या दिवशी शाळा चुकणार नाही. हिला मोह झालाच. मला विचारायला आली म्हणून बरं.

कुकरच्या शिट्टीखाली वाफेचा जेवढा दाब असतो, त्याच्या पन्नास पटींहून जास्त दाब जोरात ब्रेक मारल्यावर या बोरूएवढ्या पाईपमध्ये तयार होतो. तिथे क्लिपेने आवळलेली नळी टिकेल का? रोजच्या हळू चालण्यात टिकेल कदाचित. पण समोर अचानक गुरू आडवं आलं, पाय जीव खाऊन दाबला, की नेमकी तेव्हाच सुटेल. साधी तांब्याची नळीही तिथे चालत नाही, गाडीच्या थरथरीने ती कडक होऊन तडकते. पाईप ब्रेकसाठीच बनवलेला हवा आणि त्याची तोंडं यंत्राने फुलवून नटात नीट बसवलेली हवीत.

पैशांसाठी विषय गटाच्या बैठकीत आला आणि तिथे मात्र मला वाईट वाटलं. पापडाच्या यंत्राला, शिलाई मशीनला आम्ही पाच मिनिटांत कर्ज मंजूर करतो. इथे प्रश्न निघाला, "यातून उत्पन्न काय?" एकजण म्हणाली, "नवऱ्याने बघावं ना गाडीचं." गाडी तिची, धंदा तिचा, आत बसणारी मुलं आपलीच, त्यातली दोन तर प्रश्न विचारणारीच्या जावेची! तासभर वाद झाला. शेवटी साडेतीन हजार मंजूर झाले. गाडी दोन दिवस बंद राहिली, तेव्हा मुलांना दुसऱ्यांच्या रिक्षातून पाठवलं. पालकांनी कुरकुर केली, ती तिने ऐकून घेतली.

कामाच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसले. जुना पाईप जसा वळला होता, तसाच नवा हाताने हळूहळू वळवला. एकदम मोडला तर तो आत चिमटतो. चाकाजवळच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण चाक वर-खाली होतं, पुढचं तर वळतंही, आणि तिथे रबर आधी भेगाळतं. मग हवा काढायची वेळ आली. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पाय गादीवर पडल्यासारखा खाली जातो. त्यासाठी आत बसून पेडल दाबायला माणूस लागतो. तो माणूस मी! "दाबा… धरून ठेवा… आता सोडा." चाकाशी बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हेच. वर टाकीतलं ऑईल मधेच संपू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. माझी पोटरी दोन दिवस दुखत होती.

ऑईल कुठलं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, ते हवेतलं पाणी शोषतं. असं ऑईल घाट उतरताना तापून उकळलं, तर ब्रेक ऐन उतारावर दगा देतो. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग निघतो.

पेट्रोलची नळी आम्ही त्याच वेळी पाहिली. बोटाने वाकवली तर बारीक चिरा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. काही जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग त्याने लवकर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५मध्ये सांगितलं आहे. गाडीत पेट्रोलचा वास आला की अगरबत्ती किंवा सेंटची बाटली नको, नळी बघा. ती पेट्रोलसाठीचीच घ्या, पाण्याची पारदर्शक नळी लावून देतात ती कडक होऊन फुटते. आणि बदलताना इंजिन थंड, बॅटरी सोडलेली, जागा मोकळी, आसपास बिडी नाही. आमच्या मिस्त्रींची बिडी मीच विझवायला लावली.

गंजलेल्या पाईपचा वीतभर तुकडा मी मागून आणलाय. पुढच्या बैठकीत तो हातोहात फिरला. "उत्पन्न काय?" विचारणारीने नखाने खरवडला, तर लोखंडाचा पापुद्रा तिच्या बोटाला आला. ती काही बोलली नाही. जाताना एवढंच विचारलं, "आमच्या ह्यांच्या गाडीखाली बघायचं झालं तर कुणाला सांगू?"