मसाजर म्हणा, म्हणजे सुटाल!

मंडळी, आजचा विषय जरा... म्हणजे आपल्याकडे जो काढण्याआधी दार लोटून घेतात, त्यातला आहे. घरातली वडीलधारी मंडळीही इथे अधूनमधून डोकावतात, हे मला ठाऊक आहे. आत्या, काका, नको वाटत असेल तर इथेच थांबा, मी रागावणार नाही. पण वाचलंत तर शेवटपर्यंत वाचा, आणि मग हवं तेवढं भांडा.

प्रश्न साधा आहे. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या शरीरासाठी, बंद दाराआड वापरायची एखादी वस्तू विकत आणली, तर त्यात सरकारचा संबंध येतो कुठे? मी सेक्स टॉइजबद्दल बोलतेय. शब्द लिहिला. आभाळ कोसळलं नाही.

आता आपला कायदा काय म्हणतो ते बघू. गंमत अशी की तो या वस्तूचं नावच घेत नाही. जुन्या भारतीय दंडविधानात कलम 292 होतं, अश्लील पुस्तकं, चित्रं, आकृती 'किंवा अन्य कोणतीही वस्तू' विकण्यावर बंदी घालणारं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 294 आलं. आकडा बदलला, दंडाची रक्कम वाढली, मजकूर जवळपास तोच राहिला. पहिल्यांदा दोषी ठरलात तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. परदेशातून काही मागवायचं असेल तर कस्टम्सची 1964 सालची अधिसूचना आडवी येते. तिच्यातही तीच यादी: अश्लील पुस्तक, पत्रक, कागद, रेखाटन, चित्र, आकृती, वस्तू.

म्हणजे सगळा भार एका शब्दावर. अश्लील. जे कामुक आहे, वासना चाळवणारं आहे ते अश्लील, असं कलम सांगतं. पण कोणाची वासना? ते मात्र समोर बसलेल्या साहेबाने ठरवायचं.

आणि साहेब ते कसं ठरवतात, याचं ताजं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. एका कंपनीने 'बॉडी मसाजर' आयात केले. कस्टम्सच्या आयुक्तांनी ते जप्त केले. कारण काय, तर यांचा उपयोग सेक्स टॉय म्हणूनही होऊ शकतो! वस्तूत दोष नाही, कागदपत्रात दोष नाही. पुढे कोणीतरी, कुठेतरी, कधीतरी त्याचं काय करेल याची साहेबांना चिंता. अपिलीय न्यायाधिकरणाने ही जप्ती रद्द केली, तरी कस्टम्स खातं हट्टाने मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने त्यांना परत पाठवलं. हा आयुक्तांच्या कल्पनेचा खेळ आहे, मसाजर देशातल्या बाजारात सर्रास विकले जातात, आणि अश्लील पुस्तकं-चित्रांच्या यादीत त्यांना बसवता येत नाही, असा एकूण निकाल.

निकाल वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण थोड्या वेळाने एक गोष्ट खुपायला लागली. माल सुटला तो 'मसाजर' म्हणून. सज्ञान माणसाला अशी वस्तू घेण्याचा हक्क आहे म्हणून नव्हे. यात कोर्टाला दोष देत नाही मी. कोर्टापुढे जेवढा प्रश्न आला, तेवढ्याचं उत्तर त्यांनी दिलं. पण आपल्या हाती काय उरलं? पाठ दुखते म्हणा, म्हणजे सुटाल. खरं बोललात तर अडकाल.

माझं भांडण आहे ते याच्याशी. बंदीचा त्रास आहेच, पण त्याहून वाईट आहे ती बंदी पाळण्यासाठी रोज बोलावी लागणारी ही लबाडी. आपल्याकडे शरीरसुखाला स्वतःच्या नावाने कधी प्रवेश मिळतच नाही. ते कायम दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आत येतं. निरोध 1968 साली सरकारनेच बाजारात आणला, तो कुटुंबनियोजनाच्या नावाने. राष्ट्रकार्य म्हणून चालेल, सुख म्हणून चालणार नाही! 1954 चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा बघा. लैंगिक सुखाची क्षमता वाढवणाऱ्या औषधांची जाहिरात करायला त्याने बंदी घातली. आणि रेल्वेच्या कडेच्या भिंती बघा! 'गुप्तरोग, निराश होऊ नका, एकदा अवश्य भेटा.' सत्तर वर्षं कायदा आहे आणि भिंतीही रंगलेल्याच आहेत. तुम्ही रोगी आहात असं म्हणणाऱ्याला सगळीकडे जागा आहे. तुम्ही निरोगी आहात, तुमच्या इच्छेत लाजण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्याची मात्र आपण कोर्टात रवानगी करतो.

हे मी उगाच म्हणत नाही. र. धों. कर्व्यांचं काय केलं आपण? महर्षींचा मुलगा, गणिताचा प्राध्यापक. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्यापायी नोकरी गेली. 1927 पासून 1953 मध्ये जग सोडेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचक आपल्या शंका विचारायचे, हा माणूस सरळ भाषेत उत्तरं द्यायचा. 1934 मध्ये त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि तरीही कर्वे हरले, दंड भरला. कलम कोणतं? हेच, 292. आज आपण कर्व्यांवर नाटकं बघतो, त्यांना द्रष्टे म्हणतो, टाळ्या वाजवतो. ज्या कलमाने त्यांना शिक्षा केली ते मात्र नवीन आकडा देऊन जपून ठेवतो.

हा रोग एकट्या आपलाच आहे असं समजू नका. अमेरिकेत, स्वातंत्र्याच्या नावाने जिथे उठता-बसता शपथा घेतात तिथे, अलाबामा राज्याने 1998 मध्ये अशा वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभर सक्तमजुरी. बायकांनी आणि विक्रेत्यांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, पण 2007 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने आणि 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला. त्या कायद्यातली पळवाट ऐका: वैद्यकीय कारण असेल तर चालेल. झालं! इथे मसाजर म्हणा, तिथे पेशंट व्हा. टेक्सासची तर कमालच. सहा किंवा जास्त नग घरात सापडले की तुम्ही विक्रेते आहात असं कायदा गृहीत धरायचा. पाचपर्यंत सज्जन, सहाव्याला गुन्हेगार! 2008 मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने टेक्सासची ही बंदी घटनाबाह्य ठरवली. एकच राज्यघटना, आणि राज्याची सीमा ओलांडली की माणसाचा हक्क बदलतो. 'अश्लील' या शब्दावर कायदा उभा केला की असंच होणार.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला: 'मुलांच्या हाती पडेल.' मुलांना विकू नका, कडक शिक्षा ठेवा, माझा पूर्ण पाठिंबा. दारू आणि सिगारेटच्या बाबतीत आपण तेच करतो ना? त्यासाठी पन्नाशीच्या माणसाला अठरा वर्षांखालचा ठरवायची गरज नसते.

दुसरा: 'आपली संस्कृती.' इथे बहुतेक लोक लगेच खजुराहो काढतात. मी काढणार नाही. हजार वर्षांपूर्वी कोणी काय कोरलं यावर माझा आजचा हक्क अवलंबून नाही. ती देवळं नसती तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

तिसरा, आणि सगळ्यात चलाख: 'अहो, ऑनलाइन सगळं मिळतं, कोण पकडतंय? कशाला उगाच?' हा आक्षेप मला सगळ्यात धोकादायक वाटतो. कायदा झोपलेला आहे म्हणून तो मेलेला नसतो. तो केव्हा उठेल आणि कोणाचं मनगट धरेल, हे आपल्या हातात नसतं. अकबर पदमसींचं उदाहरण घ्या. 1954 मध्ये मुंबईत त्यांच्या 'लव्हर्स' चित्रांवरून त्यांच्यावर याच कलमाखाली खटला झाला, ते निर्दोष सुटले. 2020 मध्ये ते गेले. आणि 2023 मध्ये त्यांच्या कलाकृती परदेशातल्या लिलावातून मुंबईत आल्या, तर कस्टम्सने अश्लील म्हणून अडवल्या! सोबत आपल्या गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या सूझांचीही चित्रं होती. ऑक्टोबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ती सोडवली, आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं हे सांगावं लागलं. सत्तर वर्षांत एकाच चित्रकाराला तोच प्रश्न दोनदा! मेल्यावरसुद्धा सुटका नाही. चित्रांच्या मालकाला वकील परवडतो. आठशे रुपयांचं पार्सल अडकलेली बाई कोणाकडे जाणार?

आणि ऑनलाइन जे मिळतं ते काय मिळतं, हेही बघा. कंडोमला आपल्याकडे नियम आहेत, औषध कायद्याखाली दर्जाची चाचणी आहे. या वस्तूंसाठी सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 3533, 2021 मध्ये निघालं. कोणतं प्लास्टिक शरीराला लागलेलं चालतं, कडा कशा असाव्यात, माहितीपत्रकात काय असावं, असं सगळं त्यात आहे. पण जी वस्तू खऱ्या नावाने विकताच येत नाही, तिच्यावर हे नियम लावणार कसे? विकणारा मसाजर म्हणून विकतो, घेणारी खोक्यावरचं नाव कोणी वाचू नये म्हणून धडपडते. खराब निघाली, इजा झाली, तर तक्रार कुठे करायची? ग्राहक आयोगात जाऊन काय सांगायचं, 'पाठीला लावत होते' म्हणून? जे लाजतात तेच यात फसतात, आणि लाजायला कायद्याने शिकवलेलं असतं.

इथे कोणी विचारेल, पण गरज काय? मला एकट्या राहणाऱ्या बायकांची, विधवांची, अपंगांची, नवरा वर्षानुवर्षं आखातात असलेल्या घरांची मोठी यादी देता येईल. मुद्दाम देत नाही. ती यादी दिली की मीही अलाबामाचाच फॉर्म भरायला लागले: कारण सांगा, मग परवानगी मिळेल. ज्याने कोणाचं काही बिघडवलेलं नाही, त्याने कारण का द्यायचं? कारण बंदी घालणाऱ्याने द्यायचं असतं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2018 मध्ये 377 कलमातून सज्ञान लोकांचे संमतीचे संबंध वगळले गेले. म्हणजे शयनगृहाच्या दारातून सरकार बाहेर पडलं. मग त्या शयनगृहात येणाऱ्या पार्सलाच्या दारात ते अजून का उभं आहे?

मागणी फार मोठी नाही. कलम 294 आणि ती 1964 ची अधिसूचना, दोन्हींत एक वाक्य घाला: सज्ञान व्यक्तीच्या खासगी वापराची वस्तू केवळ लैंगिक आहे म्हणून अश्लील समजली जाणार नाही. वय तपासा, दर्जा तपासा, जबरदस्तीला शिक्षा करा. बाकी आमचं आम्ही बघतो.

आत्या, काका, इथवर आला असाल तर आभार. :) पटलं नसेल तर जरूर लिहा. फक्त एक विनंती, 'शी!' हा मुद्दा होत नाही. ती भावना आहे, आणि ती तुमची तुमच्याजवळ ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तिचा कायदा करून माझ्या घरात पाठवू नका, एवढंच.