नोबेल मिळालेले तंत्र आणि मागे घेतलेले औषध: सिकलसेल रुग्णांनी यातून काय घ्यावे?

२०२४ मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. २५ सप्टेंबरला फायझर कंपनीने सिकलसेल आजारावरचे व्हॉक्सेलोटॉर हे औषध जगभरातून मागे घेतले. ते 'ऑक्सब्रिटा' या नावाने विकले जात होते. ९ ऑक्टोबरला रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. त्याचा अर्धा वाटा नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना मिळाला. उरलेला अर्धा 'अल्फाफोल्ड' या संगणक प्रणालीने प्रथिनांची रचना ओळखून दाखवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला.

दुसरी बातमी मोबाइलवर फिरताना तिचा मथळा साधारण असा झाला: 'आता कॉम्प्युटर सगळ्या आजारांवर औषध शोधणार.' तेव्हापासून रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, नवीन औषध येतच आहे, तर ही रोजची गोळी थोडे दिवस थांबवली तर चालेल का?"

उत्तर आहे, नाही. मात्र नुसते 'नाही' म्हणून भागणार नाही. या दोन्ही बातम्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: प्रथिनातल्या अमिनो आम्लांचे एकमेकांशी होणारे संपर्क. ती समजली की पुढची प्रत्येक 'चमत्कारी शोधा'ची बातमी तुम्ही स्वतः पारखू शकाल.

प्रथिनातले 'संपर्क' म्हणजे काय?

प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. ही माळ सरळ राहत नाही, गुंडाळली जाऊन ठरावीक आकार घेते. त्यामुळे माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी प्रत्यक्षात शेजारी येऊन बसतात. अशा जवळ आलेल्या दोन मण्यांच्या नात्याला शास्त्रज्ञ 'संपर्क' म्हणतात. बहुतेक वेळा ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतर असेल तर संपर्क आहे असे धरतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही हे अंतर कमी आहे.

कुठला मणी कुठल्या मण्याजवळ आहे याचा तक्ता मिळाला, की प्रथिनाचा आकार बराचसा कळतो. एक मणी बदलला तर कुठे बिघाड होईल आणि औषध कुठे बसू शकेल, याचाही अंदाज येतो.

सिकलसेलमध्ये बिघडते कुठे?

आपल्या हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. मिळून ५७४ अमिनो आम्ले. सिकलसेलमध्ये बीटा माळेतला सहावा मणी बदललेला असतो. तिथे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. बीटा माळा दोन, म्हणजे ५७४ पैकी फक्त दोन मणी वेगळे. व्हर्नन इन्ग्राम यांनी हा बदल १९५०च्या दशकात शोधला.

ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे आहे, तर व्हॅलिन पाणी टाळणारे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि बीटा माळेवर एक छोटी खाच उघडी पडते. ८५ क्रमांकाचे फेनिलअलानिन आणि ८८ क्रमांकाचे ल्युसिन यांची ही खाचही पाणी टाळणारी असते. एका हिमोग्लोबिनचे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या या खाचेत जाऊन बसते. मग तिसरे येऊन चिकटते, मग चौथे. असे करत लांब, ताठ दोर तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्तही कमी होते.

म्हणजे एकटे हिमोग्लोबिन पाहिले तर ते जवळजवळ नेहमीसारखेच दिसते. बिघाड आहे तो दोन शेजाऱ्यांमधल्या नको असलेल्या संपर्कात.

"पाणी प्या, थंडीत जपा" असे का सांगतात?

हा सल्ला अनेकांना किरकोळ वाटतो. पण ऑक्सिजन सोडल्यापासून दोर तयार व्हायला थोडा वेळ लागतो. बहुतेक पेशी तोवर फुफ्फुसात परत पोहोचतात, ऑक्सिजन घेतात आणि वाचतात. शरीरात पाणी कमी झाले की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते, रेणू एकमेकांना लवकर भेटतात आणि हा वेळ झपाट्याने कमी होतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, पेशींचा प्रवास रेंगाळतो. तापात शरीर कोरडे पडते. म्हणून भर उन्हात शेतात जाताना सोबत पाण्याची बाटली असणे हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

व्हॉक्सेलोटॉरचे काय झाले?

या औषधामागचा विचार सुबक होता. खाच उघडते ती ऑक्सिजन सोडल्यावर. मग हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरूनच ठेवला तर? व्हॉक्सेलोटॉर अल्फा माळेच्या टोकाला चिकटून नेमके हेच करत होते.

चाचणीत आकडे चांगले आले. औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून अधिक वाढले, तर औषधाविना दिलेल्या दिखाऊ गोळीवर हे प्रमाण ७ टक्के होते. या वाढीच्या आधारावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला वेगाने मान्यता दिली. अट अशी होती, की रुग्णाला खरा फायदा होतो हे पुढच्या चाचण्यांत दाखवावे.

वेदनेचे झटके मात्र पहिल्या चाचणीतही ठळकपणे कमी झाले नव्हते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन घट्ट धरला तर तो शरीराला पुरेसा मिळेल का, ही शंका काही तज्ज्ञांनी आधीच मांडली होती. मान्यतेनंतरच्या माहितीत औषध घेणाऱ्यांमध्ये वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण जास्त दिसले. त्यामागचे कारण सिद्ध झालेले नाही. तरीही फायद्यापेक्षा धोका मोठा ठरल्याने औषध मागे घेतले गेले.

रिपोर्टवरचा आकडा वाढला म्हणजे रुग्ण बरा झाला असे नाही. बिघाडाची जागा अचूक कळली होती, औषध बसतही होते ठरल्या ठिकाणी. पण प्रथिन जिथे काम करते ते शरीर फार गुंतागुंतीचे आहे.

संपर्क ओळखून झालेला फायदाही आहे

सिकलसेलच्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. त्यातल्या गॅमा माळेत ८७ व्या जागी ग्लुटामिन हे वेगळे अमिनो आम्ल असते. ते दोन शेजाऱ्यांचा नको असलेला संपर्क जुळू देत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दोन जीन थेरपींना मान्यता मिळाली. 'लिफजेनिया' बीटा माळेत नेमका हाच ८७ वा मणी बदलून ती माळ रुग्णाच्या पेशींना बनवायला लावते. 'कॅसजेव्ही' गर्भातल्या हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा सुरू करते.

दोन्हींसाठी आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर आणि लिफजेनियाची ३१ लाख डॉलर, म्हणजे साधारण १८ आणि २६ कोटी रुपये. लिफजेनियावर रक्ताच्या कर्करोगाचा इशाराही छापलेला आहे.

आता तुमच्या घरातल्या कॅप्सूलकडे पाहा. हायड्रॉक्सियुरिया हेही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे तोच संपर्क तोडायला मदत करते. १९९५ च्या अमेरिकेतील चाचणीत प्रौढ रुग्णांचे वर्षाचे वेदनेचे झटके साधारण साडेचारवरून अडीचवर आले. हे औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि त्याचे फायदे-तोटे अनेक वर्षे तपासले गेले आहेत.

मग अल्फाफोल्डचा उपयोग काय?

उपयोग मोठा आहे. पूर्वी एका प्रथिनाची रचना शोधायला कधी कधी वर्षे लागत. २०२२ पर्यंत अल्फाफोल्डने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना सर्वांसाठी खुल्या केल्या. औषधासाठी योग्य जागा शोधण्याचे काम त्यामुळे लवकर होईल. पण एक अमिनो आम्ल बदलल्याने काय परिणाम होईल हे सांगण्यासाठी ते तंत्र पडताळलेले नाही. सिकलसेल तर अशा एकाच बदलाचा आजार आहे. आणि औषध रुग्णाला मानवेल का, त्याचे आयुष्य वाढेल का, हे माणसांवरच्या चाचणीतूनच कळते. तो काळ संगणकाने फारसा कमी होत नाही. व्हॉक्सेलोटॉरच्या बाबतीत मान्यता आणि माघार यांत पाच वर्षे गेली.

तुम्ही काय करावे?

- हायड्रॉक्सियुरिया स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर सांगतील त्या अंतराने सीबीसी तपासणी करा. मूल होण्याचा विचार असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोला.
- कुणी परदेशातून किंवा ऑनलाइन व्हॉक्सेलोटॉर मागवले असेल, तर लगेच तुमच्या डॉक्टरांना सांगा.
- १०१ अंश किंवा जास्त ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक हात-पाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला फुगणे: यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नका, रुग्णालय गाठा.
- लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला तपासणी करा. पती-पत्नी दोघेही वाहक, म्हणजे 'एएस', असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. त्यावरून कुणाचे लग्न मोडू नका.
- जुलै २०२३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांत आजाराचे प्रमाण जास्त आहे. तिथले असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

आणि पुढच्या वेळी नव्या औषधाची बातमी आली की तीन प्रश्न विचारा. ते माणसांवर तपासले आहे का? त्याने वेदनेचे झटके कमी झाले की फक्त रिपोर्टचा आकडा सुधारला? किती वर्षे रुग्णांवर लक्ष ठेवले गेले? बातमीत ही उत्तरे सापडली नाहीत, तर ती कात्रणासकट घेऊन या. आपण बसून वाचू. तोवर आजची गोळी आजच घ्या.