आधी पंपात काय होतं, ते सांगा



पावसानं दोन दिवस उघाड दिली की आमच्या नायगाव भागात पाठीपाठीवर पंप दिसायला लागतात. अन् आठ-दहा दिवसांनी मोबाईलवर फोटो यायला लागतात. "ह्या कापसाला कोणता रोग आलाय, औषध सांगा." फोटोत शेंड्याची पानं भेंडीच्या पानावानी, बोटं फुटल्यासारखी अरुंद, शिरा जवळजवळ आलेल्या. खालची जुनी पानं ठणठणीत. असा फोटो आला की मी एकच विचारतो, तुमच्या नाहीतर शेजारच्या रानात टू-फोर-डी कधी मारलं?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्याच हातून झालंय म्हणून माहीत आहे.

चार वर्षांमागची गोष्ट. एकरभर हायब्रीड ज्वारी होती, महिन्याची. रुंद पानाचं तण माजलं होतं. टू-फोर-डी आणलं अन् दुपारी मारलं. ज्वारीत ते चालतं. वारं पश्चिमेचं, अन् माझ्या पूर्वेच्या बांधाला शेजाऱ्याचा कापूस. वारं जाणवत होतं, खोटं कशाला बोलू. पण मजूर मिळाला होता, उद्या पाऊस येईल म्हणून उरकून घेतलं.

आठवड्यात त्याच्या कापसाचे शेंडे वाकडे झाले. बांधाकडच्या तासांना जास्त, आत जाल तसं कमी. मी बघितलं अन् समजलो. पण गप बसलो. त्यानं आधी चुरडामुरडा समजून एक फवारणी केली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्य मारलं, मग बियाणं बोगस म्हणून दुकानदाराशी भांडला. मी बांधावरून बघत होतो.

शेवटी घरात माय बोलली, "त्याच्या रानात जहर तू टाकलास, अन् पैसे त्यानं भरायचे का रं?" त्या संध्याकाळी त्याच्या आखाड्यावर गेलो अन् सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, चूक कुणाकडूनबी होते. पण पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझ्या दोन फवारण्या तरी वाचल्या असत्या."

त्या दोन फवारण्यांचे पैसे मी दिले. बांधाकडच्या तासांची पहिली वेचणी हुकली, त्याचाबी हिशोब केला. पण ते वाक्य काही फिटलं नाही.

आता ह्यात होतं काय, ते सांगतो. झाडाच्या अंगात वाढीचं स्वतःचं एक संजीवक असतं, ऑक्सिन. टू-फोर-डी त्याचीच नक्कल आहे. रुंद पानाच्या झाडाला ती नक्कल आवरत नाही, वाढ वेडीवाकडी होते. ज्वारी, मका, गहू हे गवताच्या जातीचे, ते योग्य वयात अन् योग्य मात्रेत सहन करतात. कापूस मात्र इतका नाजूक की पंपाच्या तळाला राहिलेलं अन् नळीत अडकलेलंसुद्धा त्याला बास होतं. त्यात एस्टर प्रकारचं औषध असलं की उन्हानं त्याची वाफ होते अन् फवारणी संपल्यावरसुद्धा शेजारी जाते. अमाईन मीठ त्या मानानं कमी उडतं, पण थेंब तर वाऱ्यावर जातोच.

हे वाचून सेंद्रियवाले भाऊ म्हणतील, म्हणूनच रसायन नको. मीबी तसंच म्हणालो होतो. पुढच्या वर्षी घरच्या मिरचीला काहीच विकतचं मारायचं नाही ठरवलं. गोमूत्र एक लिटरला दहा लिटर पाणी सांगतात. मी म्हटलं घरचंच आहे, पंधराच्या पंपात पाच लिटर ओतलं, तेबी साठवलेलं, अन् भर उन्हात मारलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्या. गोमूत्रात युरिया अन् क्षार असतात, शिळं झालं की अमोनिया होतो. पान भाजणारच. अन् मी गल्लीत काय सांगितलं? "करपा आलाय." पुन्हा तेच, लपवालपवी.

झाडं तर एकमेकांवरसुद्धा जहर टाकतात. आपल्या ज्वारीच्या मुळातून एक तेलकट पदार्थ झिरपतो, सोर्गोलिओन. त्यानं जवळचं बारीक तण दबतं. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेला आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. त्या झाडातल्या पदार्थावरून पुढं मेसोट्रायोन हे मक्याचं तणनाशक तयार झालं. म्हणजे कारखान्यातलं कोणतं अन् निसर्गातलं कोणतं, ही रेघ आपण ओढतो. झाड ती रेघ बघत नाही. किती पडलं, कधी पडलं अन् ते आपल्याला पचतं का, एवढंच झाडाला कळतं. ॲट्राझिन मक्याला पचतं, सोयाबीनला पचत नाही. ह्यात सेंद्रिय-रासायनिक वादाचा काय संबंध?

म्हणून माझं मत असं की आपल्याकडं पिकाचं निम्मं नुकसान औषधानं होतं अन् निम्मं खरं न सांगितल्यानं. डॉक्टरपुढं आपण काय खाल्लं ते सांगतो. कृषी सहायकापुढं मात्र "काहीच मारलं नाही साहेब" म्हणतो. मग तेबी रोगाचं औषध लिहून देतात, अन् आधीच मार खाल्लेल्या झाडावर आणखी एक फवारा बसतो.

काही जण म्हणतील, कबूल केलं तर भरपाई द्यावी लागंल, भांडण होईल. होईल. मला द्यावी लागली. पण आज तो शेजारी मला विचारून फवारतो अन् मी त्याला विचारून. बांध शाबूत आहे.

मी आता एवढं पाळतो :

तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल रंगानं फुली. तो कापसात कधीच जात नाही. धुण्याच्या सोड्यानं तीनदा धुतला तरी नाही.

वारं असलं की पंप खाली. आदल्या दिवशी शेजाऱ्याला फोन.

आखाड्यावर एक वही. तारीख, औषध, मात्रा, वारं कुणीकडचं. गोमूत्र अन् निंबोळी अर्कसुद्धा त्यातच.

अन् कापूस असा वाकडा दिसला तर लगेच उपटू नका. हलका मार असला तर नवी पानं हळूहळू सरळ निघतात. पाते गळतात, वेचणी लांबते, पण झाड उभं राहतं.

कृषी विभागाच्या अन् कृषी विज्ञान केंद्राच्या साहेबांना हात जोडून विनंती : पान हातात घ्यायच्या आधी विचारा, "पंपात आधी काय होतं?" अन् शेतकरी भावांनो, विचारलं तर खरं सांगा. नाही विचारलं तरीबी सांगा.