सर्व्हेअर येणार आहे, घर आवरू नका!

मंडळी, खूप दिवसांनी लिहितोय. मधले कितीतरी वीकेंड एका फायलीने खाल्ले. फाईल आहे आमच्या गावच्या घराच्या विमा क्लेमची. गाव केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. ऑफिसात गावाचं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे नागपूरजवळ का?" पुणेकरांसाठी विदर्भातलं सगळंच नागपूरजवळ असतं. असो.

झालं काय, ते आधी सांगतो.

२०२२ साली बाबांनी जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं. त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. कर्जाबरोबर बँकेने घराचा विमाही उतरवला आणि प्रीमियम कर्जाच्या रकमेतच घातला. पॉलिसीचा कागद आमच्या घरी कधीच आला नाही. तो कर्जाच्या फायलीत बँकेत पडून होता. आपला विमा आहे हे बाबांना माहीत होतं, पण तो कशाचा आहे हे माहीत नव्हतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आईबाबा दोन दिवस ताईकडे अकोल्याला गेले. बोअरच्या मोटरला ऑटो स्टार्टर आहे. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. रात्री लाईट आली, मोटर चालू झाली, गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली आणि टाकीच्या बुडाचा जोड निखळला. मोटर ओततेय, टाकी गळतेय, आणि गच्चीच्या पाणी जायच्या तोंडाशी कडुलिंबाचा पाला अडकलेला. गच्चीचं तळं झालं. मग पाणी जिन्यावरून खाली आलं आणि पंख्याच्या हुकातून, वायरिंगच्या पाइपातून थेट पीओपीवर. दुसऱ्या दिवशी दुपारी आईबाबा परत आले तेव्हा हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी होतं. पीओपी खाली पडलेलं, टीव्ही आणि इन्व्हर्टर गेलेले, दिवाणाचं प्लायवुड फुगलेलं, गाद्यांचा लगदा. भाव वाढेल म्हणून ठेवलेल्या सोयाबीनच्या चार कट्ट्यांना मोड आले ते वेगळंच. (सोयाबीन मी क्लेममध्ये धरलं नाही. तो शेतमाल आहे, घरसामान नाही. इथे कंपनीचं म्हणणं बरोबर असतं, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.)

बाबांनी मला फोन केला तिसऱ्या दिवशी. "तू कामात असशीन म्हनून नाई केला," म्हणे. मी लगेच टोल फ्रीवर क्लेम नोंदवला, बँकेकडून पॉलिसी मेलवर मागवली आणि निवांत झालो. माझी पहिली चूक ही.

कारण सर्व्हेअर यायला पुढे नऊ दिवस लागले. पोळा तोंडावर, त्यामागून महालक्ष्म्या. आईने काय केलं? जे कोणत्याही आईने केलं असतं तेच. पीओपीचा राडा उकिरड्यावर गेला. गाद्या फेकल्या. गडी लावून घर धुतलं, आणि सर्व्हेअर उद्या येणार म्हटल्यावर बाबांनी हॉलला पांढरा हातही मारून घेतला. मी फोनवर ओरडलो तर आई म्हणाली, "सायब घरी येऊन रायले अन् पसारा तसाच ठेवाचा काय? लोक काय म्हनतीन?"

साहेब आले, चहा प्यायले, आणि म्हणाले, "नुकसान कुठाय?"

आपण सगळे सॉफ्टवेअरवाले आहोत. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलं की कोणताही शहाणा इंजिनिअर पहिल्यांदा लॉग जपून ठेवतो आणि मग रिस्टार्ट करतो. माझ्या आईबाबांनी लॉग पुसून, फरशी पुसून, वर रांगोळी काढून ठेवली होती. पण त्यांना हे सांगणारं कोण होतं? टोल फ्रीवरची मुलगी मला सतरा प्रश्न विचारू शकली, माझा पॅन नंबर विचारू शकली. "घरातलं काही फेकू नका, फोटो काढा" एवढं एक वाक्य तिच्या स्क्रीनवर कोणी लिहिलेलं नव्हतं. उलट पॉलिसीत एक कलम असतं की नुकसान वाढू नये म्हणून विमाधारकाने वाजवी काळजी घ्यावी. म्हणजे पाणी उपसलं नाही तर निष्काळजीपणा, आणि उपसलं तर पुरावा नाही. वा!

क्लेमचा आकडा होता १,१८,०००. पीओपी, प्लास्टर आणि वायरिंगचे ६४ हजार, टीव्ही-इन्व्हर्टरचे ३८ हजार, दिवाण-गाद्यांचे १६ हजार. कंपनीने देऊ केले २१,४००.

बाकीच्याला कात्री का, तर पत्रात दोन कारणं. एक, ओल ही 'हळूहळू झिरपल्यामुळे' आलेली आहे. दोन, घरसामानाची यादी आधी दिलेली नव्हती.

दुसरं कारण तर सरळ खोटं होतं. 'भारत गृह रक्षा' ही विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना सक्तीची केलेली प्रमाणित पॉलिसी आहे. नाव तेच, मूळ मजकूर तोच, कंपनी कोणतीही असो. त्यात इमारतीचा विमा घेतला की इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरसामान आपोआप धरलेलं असतं. यादी लागते ती दागिने, चित्रं वगैरे मौल्यवान वस्तूंची. आमच्या दिवाणाला मौल्यवान म्हटलेलं बाबांना आवडलं असतं, पण तो नव्हता. मी कलम लिहून पाठवलं, आणि चार दिवसांत ते कारण गुपचूप मागे घेतलं गेलं. मला सांगा, ज्याचा मुलगा पीडीएफ उघडून कलम शोधत बसणारा नाही त्याचं काय झालं असतं? त्याने २१,४०० घेतले असते, आणि वर साहेबांना पोतंभर तूर दिली असती.

आता पहिलं कारण. खरी लढाई इथे आहे. त्याच पॉलिसीत आग, वीज, वादळ, पूर यांच्या जोडीला पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. जुनाट गळती, झीज, देखभालीचा अभाव हे बाहेर. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. दहा वर्षं गळणाऱ्या स्लॅबचे पैसे विम्याने का द्यावेत? पण या दोन शब्दांच्या मध्ये एवढी जागा आहे की सगळी भरपाई त्यात बुडते. फुटलेल्या टाकीचं पाणी भिंतीपर्यंत उडत जात नाही हो! ते झिरपूनच जातं. शेवटच्या फुटात प्रत्येक पाणी झिरपलेलंच असतं. प्रश्न ते निघालं कुठून हा आहे. विम्याच्या कायद्यातही निकटच्या कारणाचं तत्त्व हेच विचारतं: नुकसान घडवणारं मूळ, प्रभावी कारण कोणतं? आपल्या भाषेत रूट कॉज. जोड निखळला नसता तर गच्चीवर पाणी साचलंच नसतं, मग पाला असो की नसो. शिवाय तीन वर्षांच्या स्लॅबला 'हळूहळू' झिरपायला वेळ तरी कधी मिळाला? सर्व्हेअरने ओल मोजायचं यंत्र आणलं नव्हतं. गच्चीवर जाऊन निखळलेला जोडही पाहिला नाही. तो जोड बाबांनी टाकला नव्हता. शेतकऱ्याच्या घरात लोखंड-प्लास्टिकचा तुकडा कधी फेकला जात नाही, आणि आमच्या फायलीतला सगळ्यात मोठा पुरावा या सवयीमुळे वाचला.

वर आणखी एक मागणी: दुरुस्तीचं जीएसटी बिल. आमच्याकडचा मिस्त्री वहीच्या पानावर हिशोब लिहितो, पैसे फोनवर घेतो आणि खाली सही करतो. तो अडाणी नाही, चोर नाही. त्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेतच येत नाही! मग त्याने बिल आणायचं कुठून? ही पॉलिसी केनवडमध्ये विकताना मिस्त्रीची पद्धत चालली, पैसे देताना मात्र बाणेरचा कंत्राटदार हवा.

ऑफिसात हे सांगितल्यावर दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणे, टर्म्स वाचायला हव्या होत्या. अरे, कागद हातात तर द्या! आणि इंग्रजी कलमं सातवी शिकलेल्या माणसाने वाचायची? तूच सांग, तुझ्या फोनच्या विम्याच्या अटी तू वाचल्यास का?

दुसरे म्हणे, विमा कंपन्या अशाच, काढूच नये. हे मला जास्त धोकादायक वाटतं. कारण विमा नसेल तर उरतो तो तलाठ्याचा पंचनामा. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या निकषात अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आहेत, कच्च्याला ४,०००, आणि तेही निदान १५ टक्के पडझड असेल तर. आमच्या टाकीला तर तेही लागू नाही, ती आपत्ती नव्हतीच. आमच्या भागात विमा म्हटलं की लोकांना पीकविमाच आठवतो. एक रुपयातला पीकविमा २०२३ मध्ये आला आणि २०२५ मध्ये गेला, पण '७२ तासांत कळवा' हे त्या काळात गावातल्या पोरासोरांना पाठ झालं होतं. घराच्या विम्याचं असं एकही वाक्य कोणाला पाठ नाही.

नियम वाईट नाहीत, हीच तर चीड आणणारी गोष्ट आहे. जून २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय. कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही, हेही त्यात आहे. आमच्या केसमध्ये नेमणूक कागदावर वेळेत झाली होती. फक्त माणूस नऊ दिवसांनी आला!

कंपनीच्या तक्रार विभागाने आमचं पत्र 'विचारपूर्वक' फेटाळलं. आता पुढचा दरवाजा विमा लोकपालाचा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत तिकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. तिथे जमलं नाही तर वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत.

मागच्या शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मेहकरला उतरून घरी गेलो. बाबांच्या सह्या हव्या होत्या. मी म्हटलं, बाबा, हे महिनोन् महिने चालेल, २१,४०० घेऊन मोकळं व्हायचं का? बाबांनी तो निखळलेला जोड कोनाड्यातून काढला, फडक्याने पुसायला घेतला, मग माझ्याकडे पाहून थांबले.

"पुसू नोको ना?"

"नको," म्हटलं. तसाच पिशवीत घालून पुण्याला आणलाय. टेबलावर, मॉनिटरशेजारी ठेवलाय. सोमवारी तक्रार जाते आहे.